माहिती चौकट : सर्व्हरवरून पडद्यावर येणारा नकाशा

जिल्हा
अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर). क्षेत्रफळ १७,०४८ चौ. किमी, राज्यात सर्वांत मोठा. तालुके १४.

वेब नकाशा सेवा
माहितीसाठा सर्व्हरवर राहतो. ब्राउझर मागेल तेवढाच भाग पाठवला जातो.

सेवांची मानके (ओपन जिओस्पेशल कन्सॉर्शियम)
• डब्ल्यूएमएस (२०००) : मागणीनुसार काढलेले चित्र.
• डब्ल्यूएफएस (२००२) : चित्र नव्हे, तर हद्दींची भूमिती व तपशील.
• डब्ल्यूएमटीएस (२०१०) : ठरावीक मापाच्या टाइल, बहुधा आधीच तयार.

मुक्त स्रोत साधने
• मॅपसर्व्हर : मिनेसोटा विद्यापीठ, १९९०चे दशक.
• जिओसर्व्हर : २००१, जावामध्ये लिहिलेले.
• पोस्टजीआयएस : २००१; पोस्टग्रेस डेटाबेसला भौगोलिक जोड.

टाइलचे गणित
सहसा २५६ × २५६ पिक्सेल. शून्य झूम पातळीवर जगासाठी १ टाइल. पुढे दर पातळीला चौपट. दहाव्या पातळीवर १०,४८,५७६.

सहनिर्देशक (ईपीएसजी क्रमांक)
• ४३२६ : अक्षांश-रेखांश.
• ३८५७ : वेब मर्केटर, पडद्यावरच्या नकाशांसाठी.
• ३२६४३ : यूटीएम विभाग ४३ उत्तर (७२° ते ७८° पूर्व), अकोले तालुक्यापासून जामखेडपर्यंत सारा जिल्हा यात. एकक मीटर.

सरकारी सेवा
• भुवन : इस्रो, २००९.
• महाभूनकाशा : राज्याचा भूमी अभिलेख विभाग; राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या (एनआयसी) भूनक्शा प्रणालीवर. जिल्हा, तालुका, गाव निवडून गट नंबर दिला की हद्द दिसते.

फरक
सातबारा : हक्काची नोंद. गाव नकाशा : गटांची मांडणी. मोजणीची 'क' प्रत : प्रत्यक्ष जागेवरील मोजणीचा नकाशा.