सुप्याचे रोखे

1836 च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात तीस वर्षांची जमाबंदी ठरविली, तेव्हा वंशपरंपरागत हक्काचा मिरासदार व तसा हक्क नसलेला उपरी हा जुना भेद पुसट होऊन खातेदाराचा हक्क गहाण पडण्यास व विकला जाण्यास मोकळा झाला. आणि ज्या हक्कास किंमत येते त्यावर कर्ज देता येते, हे सावकाराने रयतेच्या आधी ओळखले. 1861 त अमेरिकेत यादवी पेटून कापसाचा भाव चढला, तशी उधारीही सैल सुटली; 1865 त युद्ध संपताच भाव कोसळला, फेरपाहणीने सारा वाढला, आणि कर्जरोख्यावरचा आकडा मात्र व्याजाने फुगतच राहिला. सुबत्तेचा पैसा, माझ्या मते, शेतात मुरण्याऐवजी पेढीतच साचला. अखेर 12 मे 1875 रोजी त्याच जिल्ह्यातील सुपे येथे कर्जाने गांजलेल्या रयतेच्या जमावाने सावकारांच्या वह्या व रोखे हिसकावून जाळले.