लाल झेंड्यामागचं गणित

गणपतीला दोन दिवस राहिले होते. संगमेश्वर मागे टाकलं आणि एका वळणावर लाल झेंडा आडवा आला. झेंडा धरणारा मुलगा विशीतला. अंगात चमकणारं जॅकेट, डोक्यावर हेल्मेट आणि हेल्मेटवर प्लास्टिकची पिशवी, कारण पाऊस. त्याच्या एका बाजूला काँक्रीटचा नवाकोरा रस्ता, त्यावर ओली गोणपाटं अंथरलेली आणि एकही गाडी नाही. दुसऱ्या बाजूला चिखल-खडीचा एकेरी तुकडा, तीनशे मीटरचा असेल. त्यावरून समोरच्या गाड्या येत होत्या आणि संपता संपत नव्हत्या. मागच्या सीटवर मखराच्या सामानाखाली दबलेला माझा भाचा दर मिनिटाला विचारत होता, ‘मामा, आपल्याला कधी सोडणार?’ मागच्या गाडीतल्या काकांनी काच खाली करून तोच प्रश्न जरा चढ्या आवाजात विचारला.

‘पाच मिनिटं झाली. किती वेळ त्यांनाच सोडणार रे?’

‘तुम्हाला पण पाच मिनिटं सोडणारच ना, काका,’ मुलगा म्हणाला आणि पुन्हा समोर बघायला लागला.

काकांना ते उत्तर उद्धट वाटलं. मला तिथे करण्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून हिशेब केला आणि मुलगा बरोबर निघाला.

एकेरी तुकडा तीनशे मीटरचा. खड्ड्यांतून गाडी ताशी २० किलोमीटरने जाते असं धरलं, तर तो पार करायला ५४ सेकंद लागतात. म्हणजे एका बाजूची शेवटची गाडी आत शिरली की ५४ सेकंद दोन्ही बाजू नुसत्या थांबून राहणार. दिशा दोनदा बदलते, तेव्हा एका फेरीत सुमारे पावणेदोन मिनिटं वाया. ही मिनिटं झेंडा कितीही चपळाईने हलवला तरी वाचत नाहीत. आता काकांच्या मनाप्रमाणे एकेक मिनिटाची पाळी ठेवू. खराब रस्त्यावर दर तीन सेकंदांना एक गाडी सुटते, म्हणजे पाळीला वीस. पण फेरी पावणेचार मिनिटांची, तासाला जेमतेम सोळा फेऱ्या. दोन्ही बाजूंच्या मिळून सव्वासहाशेच्या आसपास गाड्या पार होतात. पाळी पाच मिनिटांची केली, की हाच आकडा हजारावर जातो. रस्ता तोच, खड्डे तेच, फरक फक्त थांबवून ठेवण्याच्या धीराचा.

मग दहा मिनिटं का नाही? कारण तिथून पुढे फार हाती लागत नाही. हजारावर जेमतेम ऐंशी-पंच्याऐंशी गाड्यांची भर पडते, आणि तेवढ्यात लोक गाडी बंद करून खाली उतरतात, तवशी विकणाऱ्या बाईंशी घासाघीस सुरू होते, झेंडा हिरवा झाल्यावर चालकाला शोधावं लागतं. खरा फायदा वेगळ्याच ठिकाणी आहे. दोन गाड्यांच्या सुटण्यातलं अंतर तीनवरून दोन सेकंदांवर आलं, म्हणजे प्रत्येकजण इंजिन चालू करून, गिअर टाकून तयार राहिला, तर तोच पाच मिनिटांचा झेंडा तासाला दीड हजार गाड्या काढतो. झेंडेवाल्याला शिव्या देणाऱ्यांनी आधी आपल्या पुढे पडलेली तीन गाड्यांची मोकळी जागा बघावी. (मी बघितली. माझ्याच पुढे होती.)

मुंबई-गोवा महामार्ग, कागदोपत्री राष्ट्रीय महामार्ग ६६, जुना १७. पनवेल ते इंदापूर या पहिल्या टप्प्याचं चौपदरीकरण २०११ साली हाती घेतलं गेलं. तेव्हा जन्मलेलं पोर आज कॉलेजच्या वयाला टेकलं. काम का रखडलं याचा इतिहास या लेखात नको, त्याला पुरवणीचं एक पान पुरणार नाही. पण या रस्त्याने कोकणातल्या दोन पिढ्यांना वाहतूकशास्त्राचं शिक्षण फुकट दिलं एवढं खरं.

या शास्त्रातला एक पायाभूत सिद्धांत आला तोही पुराच्या जोडीने, हे कोकणी माणसाला आवडेल. १९५५ साली जेम्स लाइटहिल आणि जेराल्ड व्हिटम या ब्रिटिश गणितज्ञांनी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात जोडीने दोन शोधनिबंध छापले. पहिला लांब नद्यांतल्या पुराबद्दल, दुसरा गर्दीच्या लांब रस्त्यांवरच्या वाहतुकीबद्दल. दोन्हीकडे गणित एकच: किती येतंय, किती जातंय आणि मध्ये किती साठतंय. (लाइटहिल पाण्याचे अभ्यासक होते तसे पट्टीचे पोहणारेही. इंग्लिश खाडीतल्या सार्क बेटाला त्यांनी १९७३ साली पोहत प्रदक्षिणा घातली होती, आणि तशीच प्रदक्षिणा घालताना १९९८ साली ते वारले.)

नदीत आणि रस्त्यात एक फरक मात्र मोठा आहे. पुराची लाट पाण्याच्या दिशेनेच जाते, किंबहुना पाण्यापेक्षा जोरात पुढे पळते. वाहतुकीच्या कोंडीची लाट उलट, मागे चालत जाते. पुढची गाडी थांबली की मागची थांबते, मग तिच्या मागची. सुटतानाही तसंच. पुढची हलल्यावर सेकंद-सव्वा सेकंदाने मागची हलते, आणि एक गाडी मधल्या फटीसह सात-आठ मीटर जागा खाते. भागाकार केला की ही लाट ताशी साधारण २० किलोमीटरने मागे सरकते असं दिसतं. जगभरच्या महामार्गांवर मोजलेला आकडाही १५ ते २० च्या घरातला आहे. आता रांगेत तीन किलोमीटर मागे अडकलेल्या माणसाचा विचार करा. पुढे झेंडा हिरवा झाल्याची बातमी त्याच्यापर्यंत पोचायला नऊ मिनिटं लागतात. तो आनंदाने गिअर टाकतो तेव्हा पुढे झेंडा कधीच लाल झालेला असतो, आणि त्या लाल झेंड्याची लाटही त्याच्या दिशेने निघालेली असते. मैल-मैलभर मागे काहीच कारण न दिसता गाड्या चार हात सरकतात आणि थांबतात, ते यामुळे.

काही वेळा कारण खरोखरच नसतं. जपानमध्ये युकी सुगियामा आणि सहकाऱ्यांनी २३० मीटर घेराच्या गोल मार्गावर २२ गाड्या सोडल्या आणि चालकांना एवढंच सांगितलं, की ताशी ३० किलोमीटरने शांतपणे चालवा. ना सिग्नल, ना खड्डा, ना म्हैस. थोड्याच वेळात कुणीतरी किंचित जास्त ब्रेक दाबला, मागच्याने त्याहून जास्त दाबला, आणि काही गाड्या चक्क उभ्या राहिल्या. कोंडी तयार होऊन वर्तुळात मागे मागे फिरत राहिली. २००८ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. म्हणून रांगेत पुढच्याच्या बंपरला चिकटून धावणं आणि कचकन थांबणं यापेक्षा थोडं अंतर ठेवून संथ सरकणारा चालक लाट जिरवतो. आपल्याकडे त्या अंतरात रिक्षा घुसते, हे मान्य.

घुसण्याचंच बोलायचं तर जर्मनीत दोन मार्गिकांची एक होते तिथे शेवटपर्यंत दोन्ही वापरायच्या आणि अगदी तोंडाशी एकाआड एक, चेनच्या दातांसारखं मिसळायचं, असा वाहतूक कायदाच आहे. रांगेची लांबी त्याने जवळपास निम्मी होते आणि मागचा चौक मोकळा राहतो. इंटरनेटवर हे वाचून आलेला एक वर्ग आपल्याकडे आहे आणि तो हेच कारण देत उजवीकडून पुढे जातो. पण तिथली दुसरी मार्गिका आपल्याच दिशेची असते. माणगावच्या बाजारात किंवा कुठल्याही दुपदरी तुकड्यावर तुमच्या उजवीकडची जागा समोरच्यांची आहे. तुम्ही तिथे दुसरी रांग लावली की समोरच्यांची बाहेर पडायची वाटच बुजते. ते बाहेर पडत नाहीत म्हणून तुम्ही आत जात नाही, आणि तुम्ही हटत नाही म्हणून ते बाहेर पडत नाहीत. पाच मिनिटांचं काम मग दोन तासांचं होतं. चेनचे दात जुळायला दोन्ही बाजू एकाच दिशेने ओढल्या जाव्या लागतात.

भाच्याचं लक्ष एव्हाना रिकाम्या काँक्रीटवर गेलं होतं. ‘तो रस्ता तर तयार आहे!’ मी झेंडेवाल्याला विचारलं. ‘पंधराच दिवस झालेत,’ तो म्हणाला, ‘अजून पाणी मारतोय.’ घर बांधलेल्या कुणालाही ‘पाणी मारणं’ सांगायला नको. तरी बरेच लोक काँक्रीट ‘सुकतं’ असंच समजतात. ते सुकत नाही. सिमेंट पाण्याशी संयोग पावतं, त्यातून सूक्ष्म स्फटिक वाढतात आणि खडी-वाळूला कवळ घालतात. पाणी उडून गेलं तर ही वाढ अर्धवट राहते, म्हणून गोणपाटं ओली ठेवायची. सात दिवसांत साधारण दोन-तृतीयांश ताकद येते, आणि हिशेबातली पूर्ण ताकद २८ दिवसांची धरतात. वरून घट्ट दिसणाऱ्या कोवळ्या रस्त्यावरून रात्री बॅरिकेड सरकवून ट्रक नेला, तर तडा आज दिसणार नाही, दोन पावसाळ्यांनी दिसेल. काँक्रीटच्या रस्त्यावर दर साडेचार मीटरला आडवी चीर दिसते तीही मुद्दाम पाडलेली. काँक्रीट आकसताना तडकणारच, तर ते आपण सांगू तिथे तडको, असा त्यामागे विचार. खालून लोखंडी सळया दोन्ही तुकड्यांना धरून ठेवतात.

डांबराचा मार्ग सोपा होता, पण कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. पाणी खडी आणि डांबर यांच्या मध्ये शिरतं आणि डांबर सोलून काढतं. खड्डा पाण्याने पडतो आणि ट्रकने वाढतो. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून एक नियम हाती लागला: रस्त्याची झीज आसावरच्या वजनाच्या जवळपास चौथ्या घाताने वाढते. अर्ध्या टनाचा आस आणि दहा टनांचा आस यांत वजनाचा फरक वीस पट, झिजेचा १,६०,००० पट. घाईने मुरूम टाकून केलेल्या वळणरस्त्यावरून ट्रक गेले की त्याची चाळण का होते, याला वेगळं उत्तर नको.

गणेशोत्सवात सरकार या रस्त्यावर अवजड वाहनांना बंदी घालतं, त्यातही रस्ता वाचवण्यापेक्षा मोठं गणित आहे. आपला एकेरी तुकडा एका दिशेने तासाला ५०० गाड्या सोडतो असं धरा, आणि येतात ७००. दर तासाला २०० साठल्या. सहा तासांनी रांगेत १,२०० गाड्या, म्हणजे नऊ किलोमीटर, आणि शेवटच्याला २ तास २४ मिनिटं थांबणं. आता येणाऱ्या गाड्या फक्त २० टक्क्यांनी कमी करा. तासाला ६०च साठतात, सहा तासांनी शेवटचा माणूस ४३ मिनिटं थांबतो. गर्दी पाचव्या हिश्शाने घटली, प्रतीक्षा ७० टक्क्यांनी. याच हिशेबातून निघण्याच्या वेळेचा एक मजेदार निष्कर्ष निघतो. रांग वाढत असताना तुम्ही एक तास आधी पोचलात, तर सुटता मात्र एक तास चोवीस मिनिटं आधी. आमच्या आत्याबाई पहाटे तीनला सगळ्यांना उठवतात, त्यांना हे गणित कुणी शिकवलेलं नाही.

मोबाइलचा नकाशा ही कोंडी कशी ओळखतो? रस्त्यावरच्या फोनांचा वेग बघून. २०२० साली बर्लिनमधल्या एका कलाकाराने हातगाडीत ९९ फोन घालून रिकाम्या रस्त्यावरून फिरवले आणि नकाशावर तो रस्ता लालभडक झाला. नकाशा खोटं बोलत नाही, पण त्याला आत्ताची रांग दिसते, तुम्ही दोन तासांनी पोचाल तेव्हाची नाही. पुणे-कोल्हापूरमार्गे जाऊन आंबोलीने किंवा फोंडा घाटाने उतरा, असं तो हजारोंना एकदमच सुचवतो, आणि मग आंबोलीत रांग लागते.

मला स्वतःला भीती वाटते ती कोंडीची नाही, दोन कोंड्यांमधल्या मोकळ्या काँक्रीटची. नवा चौपदरी पट्टा लागला की गाडी बघता बघता शंभरला जाते. तासभर त्या वेगात राहिलं की डोळे त्याला सरावतात, आणि वेग साठवर आणला तरी गाडी रांगतेय असं वाटतं. नेमकं तेव्हाच पुढे रस्ता संपतो आणि रंगवलेली पिंपं आडवी येतात. ताशी ८० किलोमीटरला धोका दिसल्यापासून गाडी उभी राहीपर्यंत सुमारे १२० मीटर लागतात, ताशी ४० ला ४५. पावसात, चिखलाने माखलेला फलक दिव्याच्या उजेडात ४५ मीटरवरून दिसला तरी नशीब. अशा ठिकाणी डोळ्यांवर विसंबू नये, काट्याकडे बघावं.

गौरी-गणपती विसर्जन करून परतताना तोच तुकडा लागला. या वेळी आम्ही पाळीतले शेवटचे. या टोकाच्या झेंडेवाल्याने काचेवर टकटक केली आणि आंब्याचा एक टहाळा आत दिला. ‘हा पलीकडच्याला द्या.’ वळणामुळे त्यांना एकमेक दिसत नाहीत आणि घाटात फोनला रेंज नाही. टहाळा पोचला की पलीकडच्याला कळतं, मधला रस्ता रिकामा आहे. एकेरी रेल्वेमार्गावर इंजिनचालकाच्या हाती टोकन द्यायचे, तीच युक्ती. भाच्याने तो टहाळा तीनशे मीटर दोन्ही हातांनी छातीशी धरून ठेवला. पलीकडे तोच मुलगा होता, हेल्मेटवर आता पिशवी नव्हती. भाच्याने खिडकीतून टहाळा पुढे केला. मुलाने तो घेतला, बाजूच्या पिंपावर ठेवला आणि हिरवा झेंडा उचलला.