नवं सॉफ्टवेअर आलं, पण जुनी फाईल उघडेना!

लग्नाचा मोसम आला की भिवंडीतल्या छपाईच्या दुकानांत गर्दी होते. एका बाजूला उर्दू, दुसऱ्या बाजूला मराठी अशी पत्रिका आपल्याकडे नवी नाही. "मोठ्या मुलीच्या निकाहची पत्रिका तुमच्याकडेच आहे ना? फक्त नावं आणि तारीख बदला," असं गिऱ्हाईक म्हणतं. पूर्वी हे दहा मिनिटांचं काम होतं. आता उत्तर मिळतं, "कॉम्प्युटर नवा घेतला, जुनी फाईल उघडत नाही. सगळं परत टाईप करावं लागेल."

पत्रिकेचं एकवेळ चालून जाईल. पण मशीद ट्रस्टची सभासद यादी, कब्रस्तानच्या नोंदी, जमातीचे अहवाल, शाळेची स्मरणिका हेसुद्धा अशाच फाईलींत पडून असतं. म्हणून आम्ही हा प्रश्न सोप्या भाषेत मांडतो आहोत.

असं का होतं?

महाराष्ट्रातल्या छापखान्यांत वर्षानुवर्षं पेजमेकर चालला. त्याची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, २००१ मध्ये आली. पुढे अडोबी कंपनीने सगळा जोर इनडिझाईनवर दिला. २०१२ च्या सीएस ६ आवृत्तीपर्यंत इनडिझाईनमध्ये पेजमेकरची फाईल उघडायची. २०१३ पासूनच्या सीसी आवृत्त्यांत ही सोयच काढून टाकली गेली.

दुसरी अडचण फॉन्टची. जुन्या मराठी फॉन्टमध्ये कॉम्प्युटर आतून इंग्रजी अक्षरंच साठवतो, फॉन्ट फक्त त्यांना मराठी रूप देतो. तो फॉन्ट नसला की पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. युनिकोडमध्ये तसं नाही. तिथे प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे मजकूर कुठेही वाचता येतो.

उर्दूचंही तेच. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांच्या नूरी नस्तालिकमुळे कातिबाच्या हाताचं वळण कॉम्प्युटरवर आलं. १९९४ मध्ये दिल्लीहून इनपेज आलं आणि घराघरांत उर्दू टायपिंग पोचलं. पण इनपेजच्या जुन्या आवृत्त्या युनिकोडच्या नव्हत्या. तिथला मजकूर सरळ वर्डमध्ये टाकला तर वाचता येत नाही.

मग जुनाच कॉम्प्युटर वापरायचा का? विंडोज १० साठीची नेहमीची मोफत मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. असा कॉम्प्युटर इंटरनेटला जोडून ठेवणं धोक्याचं आहे. इंटरनेट काढून, फक्त जुन्या फाईली उघडण्यासाठी तो ठेवायला हरकत नाही.

काय करावं?

१. जुना कॉम्प्युटर चालू आहे तोवर महत्त्वाच्या फाईलींची पीडीएफ करून घ्या. पीडीएफ जशीच्या तशी छापता येते.

२. पीडीएफमध्ये बदल करणं अवघड. म्हणून नावांच्या याद्या आणि नोंदी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा. नंतर एकेक नाव तपासा, जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात. कब्रस्तानच्या नोंदीत एक अक्षर चुकलं तर माणूसच बदलतो.

३. एक प्रत पेनड्राईव्हवर, दुसरी वेगळ्या ठिकाणी ठेवा.

४. छपाईचं काम देतानाच पीडीएफ आणि युनिकोड मजकूर मागून घ्या. पैसे आपण देतो, मजकूर आपला आहे.

५. सोय गेली तर कंपनीला कळवा. २०२१ मध्ये विंडोज ११ आलं तेव्हा टास्कबारवर फाईल ओढून नेण्याची सोय काढली होती. लोकांनी ओरड केली, २०२२ मध्ये ती परत आली. प्रत्येक वेळी असं होईलच असं नाही, पण गप्प बसून तर काहीच होत नाही.

जमातीच्या ऑफिसात कोपऱ्यात धूळ खात पडलेला कॉम्प्युटर असेल, तर तो भंगारात देण्याआधी एखाद्या जाणत्या मुलाला सोबत घेऊन एकदा उघडून बघा. आपल्या वडीलधाऱ्यांनी लिहून ठेवलेली नावं कदाचित तिथेच असतील.