अन्नपूर्णा महिला मंडळ

अन्नपूर्णा महिला मंडळ ही मुंबईतील खाणावळी चालवणाऱ्या कष्टकरी स्त्रियांची संस्था आहे. प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने १९७५ मध्ये गिरणगावात तिची स्थापना झाली. उतरती कळा लागलेल्या कामगार वस्तीत ना-नफा संस्था रहिवाशांची मिळकत कितपत सावरू शकते, या प्रश्नाच्या अभ्यासात तिचे उदाहरण महत्त्वाचे ठरते.

पार्श्वभूमी

परळ, लालबाग, वरळी या भागांत कोकणातून व देशावरून आलेले गिरणी कामगार बहुधा कुटुंब गावी ठेवून राहत. एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या या पुरुषांना दोन वेळचे जेवण चाळीतील स्त्रिया रांधून घालत. जेवणाचे पैसे मात्र पगार झाल्यावर हाती येत. तोवर धान्य, तेल, रॉकेल उधारीवर घ्यावे लागे. उधारीमुळे वाणी चढा भाव लावी. अडीनडीला सावकार गाठावा लागे. म्हणजे गिऱ्हाईक होते, कष्ट होते आणि पैसाही येत होता. पण तो व्याजापायी पुन्हा वस्तीबाहेर जात होता. स्वयंपाक हे घरकामच समजले गेल्याने एवढा मोठा व्यवसाय कोणाच्या हिशेबात नव्हता. कामगार चळवळीचेही त्याकडे फारसे लक्ष गेले नाही.

कर्जवाटप

गोवा मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या प्रेमा पुरव गिरणी कामगार चळवळीत काम करत असल्याने त्यांना ही अडचण जवळून ठाऊक होती. १९६९ मध्ये प्रमुख बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते आणि १९७२ पासून दुर्बल घटकांना ४ टक्के व्याजाने कर्ज देण्याची योजनाही होती. तरी तारण नसलेल्या, सही न येणाऱ्या बाईला बँकेची पायरी चढणे अवघडच होते. मंडळाने स्त्रियांचे छोटे गट बांधले व त्यांना एकमेकींसाठी जामीन राहायला लावले. आरंभी १४ जणींना बँकेचे कर्ज मिळाले. बांगलादेशातील जोब्रा गावात मुहम्मद युनूस यांचा सुप्रसिद्ध प्रयोग १९७६ मध्ये सुरू झाला, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

संपानंतर

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. अनेक कामगार गावी परतले आणि खाणावळीचे गिऱ्हाईकच उरले नाही. स्वस्त कर्ज मिळाले तरी जेवणारा माणूस कोठून आणणार? नवे रोजगार उपनगरांकडे सरकत होते. अंधेरीतील सीप्झ हे निर्यात क्षेत्र १९७३ मध्येच स्थापन झाले होते. पण तेथील इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत मुख्यतः तरुण मुली कामाला लागल्या, साचे खात्यातला पन्नाशीचा कामगार नव्हे. मंडळाने सामूहिक स्वयंपाकघरे, उपाहारगृहे आणि कार्यालयांना जेवण पुरवण्याची कामे वाढवली. दादर व वाशी ही त्याची प्रमुख केंद्रे झाली.

अमेरिकेत ब्रुकलिनमधील बेडफर्ड-स्टायव्हेसंट येथे १९६७ पासून अशाच हेतूने काम करणाऱ्या संस्थेने घरांची दुरुस्ती व व्यापारसंकुलेही हाती घेतली. अन्नपूर्णाच्या हाती जमीन नव्हती. गिरण्यांच्या जमिनींचा एक तृतीयांश वाटा सार्वजनिक मोकळ्या जागांना व जवळपास तेवढाच परवडणाऱ्या घरांना देण्याचा १९९१ चा नियम २००१ मध्ये केवळ रिकाम्या जमिनीपुरता उरला. पुढे तेथे मॉल व मनोरे उभे राहिले. वस्तीची भरभराट दिसते ती मुख्यतः जमिनीच्या भावात, आणि त्या भावात चाळीतील भाडेकरूचा वाटा अल्प आहे.

प्रेमा पुरव यांना २००२ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या कन्या मेधा पुरव-सामंत यांनी १९९३ मध्ये पुण्यातील झोपडवस्त्यांत सूक्ष्म कर्जाचे काम सुरू केले. तेच पुढे ‘अन्नपूर्णा परिवार’ या नावाने विस्तारले.