चांदीच्या रुपयाची साक्ष

पावसाच्या पहिल्या सरी ओसरल्या की व्हाइटफील्डमधील आमच्या कुंपणालगत कुजत पडलेल्या ओंडक्यावर पांढरी, शेंबडासारखी बुळबुळीत अळंबी दरसाल उगवते, आणि दरसाल शेजारच्या काकू, ज्यांच्या सुगरणपणाविषयी मला नितांत आदर आहे, लक्ष्मीपूजनाचा चांदीचा रुपया हाती घेऊन तोच निवाडा ऐकवितात : "अहो, हा भाजीत टाकते. काळा पडला नाही, तर अळंबी निर्धोक!"

विष ओळखण्याचा अखत्यार चांदीला कोणी बहाल केला, कोण जाणे! चांदी काळवंडते ती सल्फाइडांनी. उकडलेल्या अंड्यानेही काळवंडते, म्हणून अंड्याला कोणी विषारी ठरवीत नाही. उलट, अमॅनिटा फॅलॉइडिस या जातीतून हाइनरिख वीलांड व रूडोल्फ हालरमायर यांनी 1941 साली जे अमॅनिटिन वेगळे काढले, त्याच्या रेणूत गंधक असूनही तो असा जखडलेला असतो की चांदीवर डाग उमटत नाही, आणि यकृताचा मात्र नाश होतो. शिजविल्याने हे विष नाहीसे होत नाही. ओकाऱ्या-जुलाब बहुधा सहा तास उलटल्यावर सुरू होतात, मध्येच उतार पडल्याचा भास होतो, आणि ज्यांना हे अतिरंजित वाटेल त्यांनी 2022 च्या एप्रिलातील आसामची वार्ता आठवावी : रानटी अळंबी खाऊन तेथे 13 जण दगावले.

बुळबुळीत ते विषारी, हाही निवाडा खोटा. छत्राच्या सालीतील तंतू ओलाव्याने फुगून सरस होतात, इतकाच त्याचा अर्थ; पाइनखालचे सुइलस ल्यूटिअस बुळबुळीत असून खाल्ले जाते, तर पावसात भिजलेली अमॅनिटाही निसरडी लागते. बुळबुळीतपणा हे एक लक्षण. त्यावरून निकाल लागत नाही.

किड्यांनी खाल्लेली निर्धोक? गोगलगायीचे यकृत आपल्यासारखे नाही. भडक रंगाचीच विषारी? अमॅनिटाची घातक जात फिकट हिरवट, तर एक पांढरीशुभ्र. हळद-लसणाची परीक्षा? रुपयाचीच धाकटी बहीण.

मग ओळखावे कसे? मी काकूंसमोर एक छत्र काळ्या कागदावर रात्रभर उपडे झाकून ठेवले; सकाळी बीजाणूंचा पांढरा ठसा उमटला. काकू हर्षभरित झाल्या. परंतु अमॅनिटाचाही ठसा पांढराच! म्हणून दांडा कापून न घेता बुडासकट उपटला : बुडाशी पिशवी नाही, दांड्याला कडे नाही, कल्ले रुंद व विरळ, छत्रावर बोटाने निघणारे करडे खवले, आणि उगम मातीतून नव्हे, लाकडातून. एवढ्या पुराव्यावर मी 'औडेमान्सिएला' असे नाव लिहिले, तेही शेवटी प्रश्नचिन्ह ठेवून. आणि प्रश्नचिन्ह असलेली वस्तू कढईत जात नाही, एवढे काकूंना पटले. रुपया पूजेच्या डबीत परत गेला.