कणसरीचा पांढरा रंग

पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी, विक्रमगड या तालुक्यांतल्या वारली पाड्यांवर चित्रकला शिकण्यासाठी जाणाऱ्या बहुतेक शहरी हौशींना टोकाला टोक लावलेल्या दोन त्रिकोणांतून माणूस कसा उभा राहतो, एवढेच पाहायचे असते. परंतु ज्या विधीतून ही चित्रे आली, त्यात माणसाला दुय्यम स्थान आहे. मुख्य मान लग्नचौकाचा, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवर काढल्या जाणाऱ्या, कडांना दाट नक्षी असलेल्या चौकटीचा असून तिच्या मध्यभागी पालघट ही सुफलतेची देवी असते आणि झाडे, जनावरे, नाचणारी माणसे तिच्या भोवतीने येतात.

हा चौक काढण्याचा अधिकार परंपरेने सवाशिणींचा आहे, आणि लग्न लावण्याचा मान धवलेरीचा, म्हणजे विधीची गाणी म्हणत ते पार पाडणाऱ्या स्त्रीचा. लग्नात पुरुष पुरोहित गृहीत धरणाऱ्या समाजाने थोडे थांबून पाहावी, अशी ही गोष्ट आहे.

साहित्य सारे घराच्या आसपासचे असते. कारवीच्या काठ्यांचा कूड शेणमातीने लिंपून त्यावर गेरूचा हात दिला जातो, तांदळाचे पीठ पाण्यात कालवले जाते आणि बांबूच्या काडीचे टोक चावून तिचीच कुंचली केली जाते. यातील तांदूळ केवळ सोयीचा म्हणून येतो असे मानणे अपुरे ठरेल, कारण वारल्यांच्या श्रद्धेत धान्य ही कणसरी नावाची देवी असून भिंतीवरची पांढरी रेघ तिच्याच पिठाची असते. तारपा हे वाद्यही असेच शिवारातून घडते: भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा एवढ्यातून ते तयार होते, आणि भात पिकल्यानंतरच्या दिवसांत त्याच्या सुरावर फेर धरला जातो. चौक मात्र जपून ठेवण्यासाठी नसतोच. पुढच्या लिंपणाखाली तो जातो, म्हणून या कलेचे जुने नमुने हाती लागत नाहीत आणि ते काढणाऱ्यांची नावेही.

ज्या लग्नासाठी हा चौक, त्याच लग्नाच्या खर्चापायी माणूस सावकाराच्या दावणीला बांधला जात असे. कर्ज फेडण्यासाठी त्याच्याकडे राबणाऱ्याला ‘लग्नगडी’ म्हणत, आणि या गुलामीविरुद्ध, तसेच वेठबिगारीविरुद्ध, 1945 मध्ये वारल्यांनी किसान सभेच्या झेंड्याखाली उठाव केला. त्याची हकीकत या उठावाच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात आहे. वारली चित्रांतील आनंदी फेराचे कौतुक करताना हा इतिहास बहुधा बाजूला राहतो.

1970 च्या दशकाच्या आरंभी चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी डहाणू परिसरात जाऊन चित्रे काढणाऱ्या स्त्रियांच्या हाती कागद दिले. भिंत सोडून चित्र कागदावर आल्याबरोबर ते लग्नावाचून काढता येऊ लागले, विकता येऊ लागले, आणि चितारणारा हातही बदलला. गंजाड गावचे जिव्या सोमा मशे यांनी विधीची चौकट ओलांडून मासेमारीचे जाळे, मुंग्यांच्या रांगा, तारप्याचा सर्पिलाकार फेर असे विषय स्वतंत्र चित्रांत आणले. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि 2018 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची प्रतिभा निर्विवाद होती. तरीही त्यांच्या मागोमाग हा व्यवसाय मोठ्या प्रमाणावर पुरुषांकडे गेला, आणि ज्यांच्याकडून तो आला त्या सवाशिणी कलावंत म्हणून क्वचितच ओळखल्या गेल्या, हेही तितकेच खरे. 2014 मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी निगडित उत्पादनाच्या नावाला कायद्याचे संरक्षण लाभले. पण पडदे, कप आणि हॉटेलांच्या भिंती यांवर ही आकृती ज्या सढळपणे छापली जाते, ते पाहता या संरक्षणाचा पाड्यापर्यंत पोचणारा लाभ तपासण्याजोगा आहे.

तेव्हा शिकायला जाणाऱ्यांनी लग्नसराईत, घरच्यांच्या संमतीने जावे आणि चौकापाशी बसलेल्या बायकांना आधी विचारावे. नुसते त्रिकोण आणि वर्तुळेच गिरवायची असतील, तर त्यासाठी डहाणूची गाडी पकडण्याची गरज नाही.