करंजीचं शेड, नांदेडची पंगत

नागपूरहून हैदराबादला जाणारा महामार्ग बुटीबोरी, जाम, हिंगणघाट, वडकी करत करंजीला येतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यातलं हे गाव. आम्हा काटोलकरांना हा रस्ता तसा परका. आमचं येणं-जाणं नागपूर नाहीतर अमरावतीकडे. संत्र्याचा ट्रक हैदराबादच्या मंडीकडे निघाला तरच त्याचा ड्रायव्हर या बाजूला येणार. अशा ड्रायव्हर-क्लीनरना करंजीतलं रस्त्याकाठचं पत्र्याचं शेड चांगलं माहीत असतं. त्यांच्या तोंडी ते ‘गुरू का लंगर’. गाडी बाजूला लावायची, हात धुवायचे, जेवायचं आणि निघायचं. जात, धर्म, गाव कुणी विचारत नाही, पैसे तर नाहीच नाही.

हे शेड 1988 पासून चालू आहे. नांदेडच्या गुरुद्वारा लंगरसाहिबच्या बाबा नरिंदरसिंग आणि बाबा बलविंदरसिंग यांनी ते बाबा कर्नैलसिंग खैरा यांच्याकडे सोपवलं. परिसरातले लोक त्यांना खैराबाबा म्हणतात. जागेची निवडही विचारपूर्वक झालेली दिसते. इथून काही किलोमीटर आत, जंगलातल्या वाई गावी गुरुद्वारा भगोडसाहिब आहे. नांदेडला जाताना गुरू गोविंदसिंग इथे थांबले होते अशी परंपरा आहे. परंपरेत साल 1705 सांगतात. इतिहासाच्या हिशेबात ते बसत नाही. त्या वर्षी गुरू पंजाबात लढाया आणि मुलांचे मृत्यू सोसत होते. दक्षिणेकडे ते बहादुरशहाच्या लष्कराबरोबर 1707 नंतर निघाले आणि ऑक्टोबर 1708 मध्ये नांदेडला त्यांचं देहावसान झालं. सालाचा हा घोळ भाविकांना छळत नाही, आणि शेडवर डाळ वाढणाऱ्याला त्याच्याशी काही कर्तव्यही नाही.

24 मार्च 2020 च्या रात्री देश बंद झाला. ढाब्यांची शटरं खाली आली, पंक्चरवाले गावी गेले, ट्रक जिथल्या तिथे थांबले. आठवडाभरात रस्त्यावर वेगळीच वर्दळ सुरू झाली. तेलंगण-आंध्रातले बांधकामावरचे, वीटभट्टीवरचे मजूर चालत उत्तरेकडे निघाले. कुणाला छत्तीसगड गाठायचं होतं, कुणाला मध्य प्रदेश, कुणाला थेट बिहार. त्यांच्या वाटेवर करंजी होतीच. शेडवाल्यांना नवं काही उघडावं लागलं नाही. भांडी होती, भट्ट्या होत्या, बोअरवेल होती, धान्य देणारी माणसं ठरलेली होती. वाढला तो फक्त आकडा.

मे 2020 अखेर आलेल्या बातम्यांनुसार तिथे 17 सेवादार होते आणि त्यांतले 11 जण स्वयंपाकाला. सकाळी चहाबरोबर पाव किंवा बिस्किटं. पुढच्या जेवणात साधा भात, तुरीची डाळ आणि बटाट्याचा एखादा पदार्थ. तूर म्हणजे यवतमाळचं घरचंच पीक. पुढच्या प्रवासासाठी बांधून दिलेलं अन्न वेगळं. आंघोळीला पाणी आणि साबणही मिळे. अठ्ठेचाळीस तास चालून आलेल्या माणसाला जेवणाइतकीच आंघोळ लागते, हे ओळखणाऱ्या यंत्रणा त्या काळात फार नव्हत्या. भटकी कुत्री आणि मोकाट जनावरं यांनाही रोज गूळ-पोळी घातली जाई.

दहा आठवड्यांत सुमारे 20 लाख लोकांना जेवण दिलं, असा आकडा तेव्हा छापून आला होता: 15 लाख तिथे जेवले आणि 5 लाखांना पाकिटं दिली. मी गणित करून पाहिलं. 70 दिवसांनी भागलं तर दिवसाला सुमारे साडेअठ्ठावीस हजार ताटं होतात, म्हणजे चोवीस तास न थांबता मिनिटाला वीस. अकरा स्वयंपाक्यांच्या हातून एवढं निघतं का, ही शंका रास्त आहे. लंगरात कुपन नसतं, नोंदवही नसते, त्यामुळे आकडा अंदाजानेच निघतो आणि अंदाज उत्साहात वाढतो. तो निम्मा धरला, चौथाई धरला, तरी ज्या पट्ट्यात सरकारी मदत विरळ होती तिथलं हे काम लहान ठरत नाही. खैराबाबा तेव्हा 81 वर्षांचे होते. खर्चाची बाजू ते साधीच सांगत: धान्य आणि पैसा संगतीकडून, म्हणजे भाविकांकडून येतो, आणि मोठा वाटा अमेरिकेत न्यू जर्सीत राहणाऱ्या त्यांच्या भावाचा.

शिखाने मिळकतीचा दहावा हिस्सा, ज्याला ते दसवंध म्हणतात, समाजासाठी काढायचा, ही जुनी शिस्त. पैसा नसेल त्याने हात द्यायचे: पोळ्या लाटायच्या, भांडी घासायची, चपला सांभाळायच्या. आपल्याकडे शेगाव किंवा अक्कलकोटच्या अन्नछत्राची सवय असलेल्या माणसाला यात फार नवल वाटणार नाही. लंगरात मात्र देवदर्शनाचा आणि जेवणाचा क्रम उलटाही असतो. तिसरे गुरू अमरदास यांनी आधी पंगत, मग भेट असा नियम घातला आणि बादशहा अकबरालाही जमिनीवर बसवून जेवू घातलं, अशी आख्यायिका आहे. राजा-रंक मांडीला मांडी लावून एका रांगेत बसले की उंच-नीच मोडतं, हा त्यामागचा विचार.

आणि साथीशी तर या पंथाचा संबंध फार आतला आहे. आठवे गुरू हरकिशन 1664 मध्ये दिल्लीला गेले तेव्हा शहरात देवीची साथ होती. ते ज्या हवेलीत उतरले ती मिर्झाराजे जयसिंगांची. हेच जयसिंग पुढच्याच वर्षी पुरंदरला येऊन शिवाजी महाराजांशी तह करून गेले. त्या हवेलीच्या आवारातलं पाणी गुरू आजाऱ्यांना देत, त्यांची शुश्रूषा करत, असं परंपरा सांगते. मार्चअखेर देवीनेच त्यांचा मृत्यू झाला. वय आठसुद्धा पूर्ण नव्हतं. हवेलीच्या जागी आज गुरुद्वारा बंगलासाहिब आहे. साथीत घाबरून दार लावणं शिखाला अवघड का जातं, याचं उत्तर बरंचसं या मुलाच्या गोष्टीत आहे.

पण करोनाने याच गोष्टीला पेचात टाकलं. मांडीला मांडी लावून बसणं हाच ज्या संस्थेचा गाभा, तिला हातभर अंतर ठेवायला सांगितलं गेलं. करंजीला हे निभलं. शेड उघडं, बाजूंनी वारा, जेवणारा अर्ध्या तासात पुढे निघालेला. नांदेडला निभलं नाही.

लॉकडाऊन लागला तेव्हा पंजाब, हरयाणा, दिल्लीकडचे सुमारे 4,000 यात्रेकरू नांदेडला तख्त सचखंड हजूरसाहिबच्या दर्शनाला आलेले होते. रेल्वे बंद झाली आणि ते महिनाभर तिथेच अडकले. एवढ्या माणसांना इतके दिवस ठेवून घेणं, दोन वेळ जेवू घालणं, म्हाताऱ्यांची औषधं बघणं, हे गुरुद्वाऱ्याने केलं. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पंजाबच्या बस आल्या आणि लोक परत गेले. तिकडे तपासण्या झाल्या आणि हजाराहून अधिक यात्रेकरूंना लागण झाल्याचं निघालं. मग दोन राज्यांचं भांडण लागलं. पंजाबच्या आरोग्यमंत्र्यांचं म्हणणं, महाराष्ट्राने नीट तपासलंच नाही. नांदेडचे अशोक चव्हाण म्हणाले, लागण वाटेत, इंदूरकडच्या भागात झाली असेल. तोवर मेच्या पहिल्या दिवसांत खुद्द नांदेडच्या लंगरसाहिबमधले वीसेक जण बाधित निघाले आणि परिसर बंद करावा लागला. खाऊ घालायची जबाबदारी गुरुद्वाऱ्याने अंगावर घेतली होती. तपासायची कुणाची, हे ठरायच्या आधी बस सुटल्या होत्या.

यात्रेकरूंना तेव्हा समाजमाध्यमांवर शिव्या खाव्या लागल्या. त्या अन्यायाच्या होत्या. गाड्या त्यांनी बंद केल्या नव्हत्या आणि राहायला दुसरी जागाही त्यांना नव्हती. पुढच्या घटनेबद्दल मात्र एवढं मऊ बोलता येत नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये दसऱ्याच्या मिरवणुकीसाठी नांदेडचं गुरुद्वारा मंडळ सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. न्यायालयाने त्यांना राज्याच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे पाठवलं, आणि शेवटी उच्च न्यायालयाच्या परवानगीने मोजक्या माणसांत मिरवणूक निघाली. मला तो मार्ग योग्य वाटतो. श्रद्धा आहे, तर ती घेऊन न्यायालयात उभं राहावं. 29 मार्च 2021 ला होलामोहल्ल्याच्या सणाच्या दिवशी याच्या उलट झालं. जिल्ह्यात तेव्हा कडक निर्बंध होते आणि कार्यक्रम आवारातच करायचं मंडळाने मान्य केलं होतं. तरी दुपारनंतर काही शेकड्यांचा जमाव फाटक तोडून बाहेर पडला. पोलीस जखमी झाले, गाड्या फुटल्या. मंडळाने दिलेला शब्द संगतीतल्या तरुणांनी पाळला नाही. ज्या समाजात हुकूम आणि शिस्त यांना इतका मान, तिथे हे लागून राहणारं आहे.

त्यानंतर महिन्याभरात दुसरी लाट देशाच्या छातीवर बसली. गाझियाबादच्या इंदिरापुरम गुरुद्वाऱ्याबाहेर रस्त्यावरच, गाडीत बसलेल्या रुग्णांना सिलिंडर लावून ‘ऑक्सिजन लंगर’ सुरू झाला. मे 2021 मध्ये दिल्लीच्या रकाबगंज गुरुद्वाऱ्यात 400 खाटांचं केंद्र उघडलं. ते दिल्ली सरकारच्या लोकनायक रुग्णालयाशी जोडलेलं होतं. वैद्यकीय बाजू रुग्णालयाकडे, तर जागा, खाटा आणि जेवण गुरुद्वारा समितीकडे. वर्षभरापूर्वी नांदेडच्या महिनाभराच्या मुक्कामात अशी वाटणी पहिल्या आठवड्यातच झाली असती, तर बसमध्ये कोण चढतंय हे तरी आधी कळलं असतं.